चालू जलवाहिनीस फाटा : पुण्यातील नळजोडणी व दाबचाचणीचा एक ऐतिहासिक आढावा

पुण्याच्या पाणीपुरवठ्याचा इतिहास बहुधा तलाव व धरणे यांच्या अनुषंगाने लिहिला जातो. वाहते पाणी न थांबवता मुख्य वाहिनीस फाटा कसा जोडावा आणि तो सांधा कसा पारखावा, हा प्रश्न त्यात उपेक्षित राहिला आहे.

नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, इ. स. 1750 च्या सुमारास, कात्रज तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत सुमारे 8 किलोमीटर लांबीचा दगडी बांधणीचा भूमिगत नळ बांधण्यात आला. पाणी केवळ उताराने वाहत असे. मार्गात ठिकठिकाणी उभारलेल्या उच्छ्वासांतून कोंडलेली हवा बाहेर पडे व पाण्याचा दाब मर्यादेत राही. काळा हौद, बदामी हौद ही नावे शहराच्या पत्त्यांत अद्याप टिकून आहेत. चुन्यातील बांधकाम वा खापरी नळ फार दाब सोसू शकत नाहीत. पाण्याची उंची 10 मीटरने वाढली की दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलोग्रॅमने वाढतो. म्हणून दाब साचूच न देणे हेच येथे शहाणपणाचे होते. पेशवेकालीन स्थापत्याचे कौतुक करताना त्यातील ही मर्यादेची जाणीव अनेकदा नजरेआड होते. उच्छ्वास उघडा असल्याने पाण्याची पातळी, म्हणजेच दाब, डोळ्यांना दिसत असे. स्वतंत्र चाचणीची गरजच उरत नसे.

1869 ते 1879 या काळात खडकवासला धरणाची उभारणी झाली, आणि पुढे शहरात बंद लोखंडी नळांचे जाळे पसरले. आता दाब दिसेनासा झाला. सांधा पक्का आहे की नाही हे तपासण्यासाठी नवी वाहिनी पाण्याने भरून तिच्यावर नेहमीपेक्षा अधिक दाब देणे भाग पडले. 12 जुलै 1961 रोजी पानशेत व खडकवासला ही दोन्ही धरणे फुटल्यावर शहराच्या पाण्याचा मूळ स्रोतच हरपला. एका मुख्य वाहिनीवर शहर किती विसंबते, याचा अनुभव पुणेकरांनी त्या वेळी घेतला.

पोलादी वाहिन्यांवर वेल्डिंगने फाटा जोडण्याची पद्धत आल्यावर पेच अधिक सूक्ष्म झाला. आत पाणी वाहत असताना वेल्ड झपाट्याने थंड होतो, धातू कठीण व ठिसूळ बनतो आणि त्यास तडा जाण्याचा संभव वाढतो. म्हणून चाचणी अटळ ठरते. मात्र कोऱ्या वाहिनीस लावतात तो दीडपट दाब येथे सरसकट चालत नाही. फाट्याच्या आत भरलेले पाणी मूळ नळाच्या भिंतीवर बाहेरून रेटा देते. आतील दाब त्याहून बराच कमी असल्यास भिंत आत चेपते. परिणामी मूळ नळास छिद्र पाडण्यापूर्वी फाट्यात साधारणतः वाहिनीतील त्या वेळच्या दाबाइतकाच दाब देतात आणि दाबमापकाचा काटा ठराविक वेळ स्थिर राहतो का, हे पाहतात. सांध्याभोवती मजबुतीची पट्टी असल्यास तिच्यात एक बारीक छिद्र ठेवलेले असते. त्यातून हवा सोडून वेल्डवर साबणाचे पाणी लावतात. बुडबुडा आला तर सांधा गळका समजतात. काम संपल्यावरही हे छिद्र पक्के बुजवत नाहीत, कारण पुढे गळती सुरू झाली तर पाणी तेथूनच प्रथम बाहेर येते.