मढेघाट : कातळ, कारवी आणि एक आख्यायिका

पुणे जिल्ह्यातील केळदहून महाड तालुक्यातील कर्णवडीकडे उतरणाऱ्या वाटेला मढेघाट म्हणतात. ४ फेब्रुवारी १६७० रोजी सिंहगडावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचे शव याच वाटेने उमरठला नेले, म्हणून घाटाला हे नाव पडले, असे लोकपरंपरा सांगते. उमरठ आज पोलादपूर तालुक्यात असून तानाजींची समाधी तेथेच आहे. नावावरून रचलेली कथा म्हणून इतिहासकाराने ती बाजूला ठेवावी, हे समजण्यासारखे आहे. आम्हांला मात्र वाटते की, कागदपत्रांच्या बरोबरीने येथला कातळही वाचायला हवा.

हा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्याचे थर सारखे नाहीत. घट्ट बसाल्टचे थर उभे कडे धरून राहतात. सच्छिद्र थर, ज्यांच्या पोकळ्यांत पांढरी स्फटिकी खनिजे भरलेली असतात, ते लवकर झिजतात आणि त्यांच्या जागी सपाट्या तयार होतात. काही ठिकाणी दोन थरांमध्ये विटकरी मातीचा पट्टा दिसतो : दोन उद्रेकांमधल्या अवकाशात खडकाची माती झाली आणि पुढच्या लाव्ह्याने ती भाजून काढली. हा पट्टा झिजला की वरचा कातळ आधार सुटून कोसळतो. म्हणूनच घाटवाट पायऱ्यापायऱ्यांनी चढते. सपाटीवर ती आडवी जाते आणि जेथे ओढ्याने भेगेत शिरून कडा कापला आहे, तेथे नाळेतून वर सरकते. वाटा माणसांनी शोधल्या हे खरे. खोदल्या त्या पाण्याने.

आता माघ महिना आठवावा. ओढे आटत आलेले, पावसाळ्यात शेवाळाने निसरडा होणारा दगड कोरडा, पांगारा आणि सावर फुलावर आलेली. खांद्यावर ओझे घेऊन नाळ उतरायची तर ऋतू अनुकूल होता. एवढ्याने आख्यायिका सिद्ध होत नाही, हे उघड आहे. पण ती सांगणाऱ्यांना डोंगर ठाऊक होता, असे म्हणता येते.

प्राण्यांचेही तसेच. १६९७च्या सभासद बखरीत सिंहगडाचा कडा चढणाऱ्या मावळ्यांना वानरांची उपमा आहे. तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात यशवंती घोरपड येते. घोरपडीला दोर बांधून माणसे चढली, हे कोणी अक्षरशः मानू नये. तरीही शाहिराला सुचलेला प्राणी गरुड नव्हे, वाघही नव्हे. कातळाच्या फटीत अंग फुगवून, नखे रोवून घट्ट बसणारी घोरपडच सुचली. कविकल्पना म्हणून आपण जे वर्गात दोन वाक्यांत संपवतो, त्यात निरीक्षण किती असते! (शाहिराला निसर्गशास्त्रज्ञ ठरवण्याचा आमचा हेतू नाही.)

उतारावर कारवी दाट. ती साधारण सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, बी टाकते आणि वाळते. तिच्या काठ्या विणून, वर शेण-माती लिंपून घरांचे कूड होत असत. तिच्या मुळ्या माती धरून ठेवतात. उंबराच्या मुळ्या मात्र फटींत शिरून दगड फोडतात. एकाच डोंगरावर झाड माती राखते आणि झाडच खडक उकलते.

या झिजेतूनच खालच्या खोऱ्यांतली भातखाचरे झाली. २२ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टीत महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही दरडी आल्या. त्याआधी, २००५च्या जुलैत, महाडजवळच्या जुई आणि दासगावने हेच पाहिले होते. मढेघाटाने एका शवाची आठवण साडेतीनशे वर्षे नावात जपली. तळीयेच्या डोंगराला अजून असे नाव पडलेले नाही.