शिशाच्या घटाचे पथ्य

वीज निर्माण करणे ही एक गोष्ट आणि ती साठवून ठेवणे ही दुसरी. १८०० साली इटलीच्या व्होल्टाने जस्त आणि तांबे किंवा चांदी यांच्या चकत्यांची चळत रचून अखंड विद्युतप्रवाह मिळविला. परंतु त्याच्या चळतीतील जस्त झिजत जाई आणि ते संपले की वीजही संपे. पुढील अर्धशतकात अनेक प्रकारचे घट निघाले. त्यांची रीत मात्र चुलीतील लाकडासारखी होती; एकदा राख झाली की परत लाकूड होणे नाही. रिकामा झालेला घट पुन्हा भरता यावा, ही कल्पना व्यवहारात आणण्याचे श्रेय गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाकडे जाते.

प्लांतेचा जन्म १८३४ सालचा. पॅरिसजवळ १८५५ साली त्याला एका प्रचंड प्राचीन पक्ष्याचे अवशेष सापडले. त्या पक्ष्याचे ‘गॅस्टॉर्निस’ हे शास्त्रीय नाव प्लांतेच्याच नावावरून पडले आहे. परंतु त्याची खरी कीर्ती १८५९ च्या शोधावर उभी आहे. शिशाचे दोन पत्रे घेऊन, ते एकमेकांस चिकटू नयेत अशी व्यवस्था करून त्याने त्यांची गुंडाळी केली आणि ती विरल गंधकाम्लात बुडविली. दुसऱ्या घटांतून तिच्यात प्रवाह सोडला असता एका पत्र्यावर तपकिरी रंगाचा थर चढला. आणि बाहेरचा प्रवाह तोडल्यावर ही गुंडाळी स्वतःच वीज देऊ लागली. १८६० साली अशा नऊ घटांची बॅटरी त्याने फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे ठेवली.

शोध लागला, पण त्याचा उपयोग होण्यास वीस वर्षे जावी लागली. कारणे दोन होती. प्लांतेच्या पत्र्यांना पुष्कळ वीज धरण्याची शक्ती यावी म्हणून ते कित्येक महिने पुन्हा पुन्हा भरावे आणि रिकामे करावे लागत. आणि भरण्यासाठी वीज आणावयाची ती पुन्हा जस्त झिजविणाऱ्या जुन्या घटांतूनच. पाणी साठविण्यास हौद तयार झाला होता, विहीर मात्र खणावयाची होती. ती विहीर १८७० नंतर डायनॅमोच्या रूपाने मिळाली. कामीय फोर याने १८८१ च्या सुमारास शिशाच्या संयुगाचा लगदा पत्र्यांवर लिंपून पहिली अडचणही दूर केली. फोरचे भारित घट त्याच वर्षी पॅरिसहून ग्लासगोला सर विल्यम टॉमसन यांच्याकडे पाठविण्यात आले आणि वीज पेटीत बंद करून परगावी धाडता येते, या बातमीने युरोपात खळबळ उडाली.

या घटात नेमके काय घडते, याचा उलगडा ग्लॅडस्टन व ट्राइब या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी १८८२ साली केला. घट वीज देत असता त्याच्या दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमते आणि आम्ल पातळ होते. भरताना हे सल्फेट पुन्हा मूळ रूपात जाते आणि आम्ल दाट होते. म्हणूनच घटाची नाडी आम्लाच्या विशिष्ट गुरुत्वावरून पाहता येते. पूर्ण भरलेल्या घटात ते साधारणतः १.२६५ ते १.२८० असते, रिकाम्या घटात १.१ च्या आसपास उतरते. काचनळीतल्या तरंगत्या हायड्रोमीटरने ते मोजण्याची पद्धत पुढे सर्वत्र रूढ झाली.

वीजघरांतून व टेलिफोन केंद्रांतून घटांच्या रांगा उभ्या राहिल्या, तेव्हा एक नवीनच व्यथा लक्षात आली. एकाच रांगेतील, एकाच प्रवाहावर पोसलेले घट कालांतराने सारखे राहत नाहीत. एखादा मागे पडतो. त्याच्या पट्ट्यांवरील सल्फेट पुरतेपणी निघत नाही आणि पुढे ते कठीण होऊन बसते. शिवाय दाट आम्ल तळाशी व पातळ आम्ल वर असे थर पडतात. यावर उपाय निघाला तो असा: बॅटरी नेहमीप्रमाणे भरून झाल्यावर थोड्या प्रवाहाने, पण अधिक दाबाने, आणखी काही काळ भरत राहावयाचे. मागे पडलेले घट इतरांच्या पंक्तीला येतात आणि उठणाऱ्या बुडबुड्यांनी आम्ल ढवळून निघते. हाच समतोलाचा भार.

परंतु या औषधातच विष आहे. प्रत्येक घटाचा दाब २.४ व्होल्टच्या आसपास गेला की प्रवाहाचा बराचसा भाग पाणी फोडण्यात खर्च होतो. हायड्रोजन आणि प्राणवायू बाहेर पडतात. हवेत हायड्रोजनचे प्रमाण ४ टक्के झाले की एक ठिणगी पुरते. पाणबुड्यांच्या इतिहासाने याची किंमत मोजली आहे. १९४९ च्या ऑगस्टमध्ये ‘कोचिनो’ ही अमेरिकन पाणबुडी नॉर्वेच्या उत्तरेकडील वादळी समुद्रात असताना तिच्या बॅटरीतील हायड्रोजनचा स्फोट झाला. आग आटोक्यात आली नाही आणि पाणबुडी बुडाली. तिच्यावरील एक तंत्रज्ञ आणि मदतीस आलेल्या ‘टस्क’ या पाणबुडीवरील सहा जण, असे सात जीव त्या दुर्घटनेत गेले.

घरातील बॅटरी लहान असते म्हणून हा नियम सुटत नाही. पूर्ण भरलेल्या घटातून एक अँपिअर प्रवाह तासभर गेला, तर सुमारे ०.४२ लिटर हायड्रोजन निघतो. बारा व्होल्टच्या बॅटरीत असे सहा घट. पाच अँपिअरने तीन तास अतिरिक्त भार दिला, तर सुमारे ३८ लिटर वायू होतो. एक घनमीटरभर बंद कपाट स्फोटक होण्याच्या उंबरठ्यावर आणण्यास तो पुरेसा आहे.

ज्या काळी खेडोपाडी वीज नव्हती, त्या काळी तेथील रेडिओ बॅटरीवर चालत आणि त्या भरून आणण्यासाठी शहरगावी न्याव्या लागत. तेव्हा हे पथ्य दुकानदार सांभाळी. आज इन्व्हर्टरच्या रूपाने तीच बॅटरी जिन्याखाली आली आहे आणि पथ्य घरधन्यावर आले आहे. समतोलाचा भार फक्त पाणी घालण्याच्या उघड्या बॅटरीसच द्यावयाचा, बंदिस्त बॅटरीस कधीही नाही. बारा व्होल्टच्या बॅटरीस यासाठी सामान्यतः १५ ते १५.५ व्होल्ट लागतात. परंतु कारखानदाराने दिलेला आकडाच प्रमाण मानावा. आधी बॅटरीवरील सर्व उपकरणे सोडवावीत, खिडक्या-दारे उघडावीत, विडीकाडी व देवघरातील दिवा दूर ठेवावा. पट्ट्या पाण्याखाली असल्याची खात्री करून घ्यावी. मात्र काठोकाठ पाणी भार संपल्यावरच घालावे आणि तेही डिस्टिल्ड. दर तासाला प्रत्येक घटाचे गुरुत्व मोजावे. ते वाढावयाचे थांबले की काम झाले. बॅटरी ५० अंश सेल्सिअसपर्यंत तापली तर त्याआधीच थांबवावे. चिमटे काढण्यापूर्वी चार्जरचे बटण बंद करावे, म्हणजे ठिणगी पडत नाही. डोळ्यांवर चष्मा व हातांत रबरी मोजे असावेत. आम्ल डोळ्यांत उडालेच, तर भरपूर पाण्याने बराच वेळ धुऊन त्वरित वैद्यकीय मदत घ्यावी.

प्लांतेच्या शोधाला दीडशेहून अधिक वर्षे लोटली. घटाचे रूप पालटले, रसायन तेच राहिले. अर्धपोटी ठेवलेला घट झिजतो आणि अति भरविलेला घात करतो. या दोहोंमधली वाट प्रयोगशाळेतील धीराने आणि समुद्रावर गेलेल्या प्राणांनी आखून दिली आहे. हायड्रोमीटर हाती घेऊन तासभर बॅटरीजवळ बसणाऱ्याने त्या वाटेवरून चालावयाचे, एवढेच शिल्लक आहे.