परिचारिकेचा राजीनामा

नुकतीच उत्तीर्ण झालेली परिचारिका वर्ष-दोन वर्षांत राजीनामा देऊन निघून जाते, ही तक्रार ठाणे-कल्याणकडील रुग्णालयांत नित्याची झाली आहे आणि तिचे खापर बहुधा त्या मुलीच्या चंचलतेवर फुटते. परंतु या पेशाचे कायदेकानू कोणत्या स्त्रीला डोळ्यांपुढे ठेवून ठरले, हे पाहिल्यावाचून असा निवाडा देणे मला अन्यायाचे वाटते.

1909 साली रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन स्थापिले आणि त्याच्या आश्रयाने हिंदू विधवा ससून रुग्णालयात शुश्रूषा शिकू लागल्या, तेव्हा परक्याचे मलमूत्र काढणे ज्या समाजात कुलीन स्त्रीला निषिद्ध होते, त्या समाजात तो केवढा धीराचा उपक्रम होता! परंतु त्या काळची परिचारिका वसतिगृहात राहणारी, संसारापासून तुटलेली स्त्री होती. तिचे जेवण, निद्रा आणि रात्रपाळी ही सारी मेट्रनच्या नजरेखाली, बहुधा रुग्णालयाच्या आसपासच होत. देशातील आरोग्यसेवांची पाहणी करणाऱ्या भोर समितीने 1946 च्या अहवालात देशभरातील परिचारिका अवघ्या 7,000, म्हणजे 43,000 लोकांमागे एक, असा हिशेब मांडला, आणि त्यांच्या निवासाची व श्रमांची दैनाही नमूद केली.

ठाण्यास आगगाडी 1853 मध्ये आली, मनोरुग्णालय 1901 मध्ये. तथापि परिचारिकेच्या राहणीत खरा पालट झाला तो डोंबिवली-कल्याण चाकरमान्यांनी भरून गेल्यावर, कारण आता परिचारिका होते ती या घरांतली लेक किंवा सून, आणि ती राहते आवारात नव्हे, तर लोकलच्या दुसऱ्या टोकाला. कळव्याच्या महापालिका रुग्णालयातून रात्रपाळी करून निघणारी मुलगी पाहा: इंजेक्शनांची मोजदाद, सलाईनची नोंद, प्रत्येक खाटेचा हँडओव्हर, हे दिवसपाळीची सिस्टर आल्याखेरीज उरकत नाही, जलद गाडी कळव्याला थांबत नाही, आणि ही मुलगी डोंबिवलीस पोहोचते तेव्हा घरातली सकाळची कामे तिचीच वाट पाहत असतात. अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, हे भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण दप्तरातच राहते.

खासगी नर्सिंग होममध्ये तर याहून कठीण. बारा तासांची ड्यूटी, हंगामी नेमणूक, आणि कित्येक ठिकाणी मूळ प्रमाणपत्रे अनामत ठेवून घेण्याची रीत, जी मला सरळ जुलमाची वाटते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 मधील आदेशानुसार नेमलेल्या समितीने, पन्नासांहून कमी खाटांच्या रुग्णालयातही दरमहा किमान 20,000 रुपये वेतन असावे, अशी शिफारस केली. अंमलबजावणी मात्र राज्यांवर सोपवली गेली. मग अनुभवाचा दाखला हाती पडताच ती मुलगी सरकारी भरतीचा अर्ज भरते किंवा आखाताची वाट धरते. तिच्या जागी पुढच्या तुकडीतली नवखी येते, आणि तिला वॉर्ड शिकवील अशी जुनी सिस्टर तेथे उरलेली नसते.