दोन अंशांची चूक : टोनआर्मचा इतिहास

एका बाजूवर विलंबित आणि द्रुत दोन्ही असलेली ख्यालाची लाँग प्ले तबकडी डोळ्यांसमोर आणा. विलंबित बाहेरच्या कडेला सुरू होते आणि द्रुतातल्या ताना मधल्या कागदी लेबलाजवळ येऊन संपतात. तबकडी मिनिटाला 33⅓ फेऱ्या घेते. म्हणजे 146 मिलिमीटर त्रिज्येवर खाच सुईखालून सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर सरकते, तर 60 मिलिमीटर त्रिज्येवर केवळ 21 सेंटिमीटर. जिथे स्वर सर्वांत दाट, तिथेच त्यांना जागा सर्वांत कमी! सुई धरणारा बाहू, म्हणजे टोनआर्म, थोडा जरी चुकीचा बसला, तरी सर्वांत आधी या तानाच फाटक्या ऐकू येतात. असे का होते, आणि त्यावर उपाय कसा सापडला?

एमिल बर्लिनर यांनी 1887 मध्ये ग्रामोफोनचे पेटंट घेतले. सुरुवातीच्या यंत्रांत कर्णा थेट सुईच्या डबीला जोडलेला असे आणि त्याला ओढण्याचे काम खाचेलाच करावे लागे. 1903 च्या सुमारास अमेरिकेत एल्ड्रिज जॉन्सन यांच्या यंत्रांत एक पोकळ, निमुळता नळीबाहू आला. कर्णा स्थिर राहिला आणि आवाज नळीतून त्याच्याकडे जाऊ लागला. आवाज वाहून नेणारा बाहू म्हणून तो टोनआर्म. पुढे विजेची यंत्रे आली, नळीत आवाज उरला नाही, तरी नाव टिकले.

मूळ अडचण मात्र भूमितीची होती. खाच कोरणाऱ्या यंत्राची सुई त्रिज्येवरून सरळ रेषेत सरकते. वाजवणारा बाहू एका खिळीभोवती फिरतो, त्यामुळे त्याची सुई कंसावरून जाते. वर्गात हे सहज दाखवता येईल. मोठ्या कागदावर 146 आणि 60 मिलिमीटर त्रिज्येची दोन समकेंद्री वर्तुळे काढा. केंद्रापासून 229 मिलिमीटरवर टाचणी टोचून तिच्यावर तितक्याच लांबीची पुठ्ठ्याची सरळ पट्टी फिरवा. पट्टीचे टोक प्रत्येक वर्तुळाला जिथे टेकेल, तिथे स्पर्शिका काढून पट्टीशी होणारा कोन मोजा. बाहेर तो सुमारे 19 अंश भरेल आणि आत 7 ते 8 अंश. आदर्श बाहूत तो सर्वत्र शून्य हवा.

‘द ग्रामोफोन’ या इंग्लंडमधील मासिकात 1924 साली पर्सी विल्सन यांनी या प्रश्नाची भूमिती मांडली. सुईचे डोके आतल्या बाजूला वळवायचे आणि बाहू थोडा लांब ठेवून सुई तबकडीच्या केंद्राच्या किंचित पुढे जाऊ द्यायची. या दोन युक्त्यांनी चूक पुष्कळ घटते, पण नाहीशी होत नाही. मग उरलेली चूक कुठे ठेवायची?

या प्रश्नाचे उत्तर स्वीडनमधील एरिक लोफग्रेन यांनी 1938 मध्ये दिले. कोनाची चूक तीच असली, तरी आवाजातली विकृती त्रिज्या कमी होते तशी वाढते, कारण आतल्या खाचेत प्रत्येक तरंग आखूड होतो. म्हणून सगळीकडे सारखी चूक ठेवणे न्यायाचे दिसले, तरी योग्य नाही. बाहेर जास्त चूक चालेल, आत कमीच हवी. 1941 मध्ये बेअरवाल्ड यांनीही हेच गणित विस्ताराने मांडले.

1948 साली कोलंबिया कंपनीने लाँग प्ले तबकडी आणली. तिची मापे या गणितात घातली, तर 229 मिलिमीटरच्या बाहूसाठी खीळ केंद्रापासून 211 मिलिमीटरवर येते, सुई केंद्रापुढे 18 मिलिमीटर जाते आणि डोके 24 अंश वळवावे लागते. चूक 66 आणि 121 मिलिमीटर त्रिज्येवर शून्य होते. बाहेरच्या कडेला ती 1.9 अंश उरते, मध्ये 1.1 आणि आत 0.8. पुठ्ठ्याच्या पट्टीचे टोक वळवून पाहा. शाळेच्या कोनमापकाला ही चूक जेमतेम दिसेल. आजही कार्ट्रिज बसवताना याच दोन बिंदूंची खूण असलेला कागद तबकडीच्या जागी ठेवतात आणि दोन्ही ठिकाणी कार्ट्रिज खुणेच्या रेषांना समांतर येईपर्यंत ते सरकवतात.

या सुधारणेची किंमतही मोजावी लागली. खाच सुईला स्पर्शिकेच्या दिशेने ओढते. डोके वळवल्यामुळे ही ओढ खिळीतून जात नाही, आणि बाहू केंद्राकडे खेचला जातो. त्याला विरोध करण्यासाठी बाहूला दोऱ्याने छोटे वजन टांगतात, किंवा स्प्रिंग वा चुंबक वापरतात. पण घर्षण संगीताच्या जोरानुसार बदलते, त्यामुळे हा तोल कधीच अचूक साधत नाही. बाहू 305 मिलिमीटर लांब केला, तर बाहेरची चूक 1.4 अंशांवर येते, परंतु जडत्व वाढते आणि वाकलेल्या तबकडीवर सुईला चढउतार जड जातो. 1972 मध्ये बँग अँड ओलुफसेनच्या बिओग्राम 4000 या यंत्रात बाहू सरळ रेषेत सरकू लागला. कोनाची चूक जवळजवळ गेली, पण बाहूला सरकवण्यासाठी मोटर आणि प्रकाशसंवेदक लागले.

प्रयोगवहीत त्रुटी शून्य दाखवण्यासाठी आकडे खोडणारे विद्यार्थी आपण सर्वांनी पाहिले आहेत. आम्हीही कधीकाळी ते केले आहे. त्यांना ही पट्टी हाती द्यावी. लोफग्रेन यांनी चूक लपवली नाही. ती कुठे सर्वांत कमी बोचेल ते मोजले आणि तिथे ठेवली. शेवटच्या ताना स्वच्छ ऐकू येतात, त्यात विलंबिताजवळ सोडलेल्या त्या दोन अंशांचाही वाटा आहे.