घरचे कुंड आणि कारखान्याचे पिंप

कातडे कमावणे हा आपल्या समाजाचा परंपरागत व्यवसाय. बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वरांच्या सहवासात शरणपदास पोहोचलेले कक्कय्या याच व्यवसायातले होते. सोलापूर व आसपासच्या खेड्यांतील ढोर वस्त्यांत हे काम कसे चाले, कारखाने आल्यावर त्याचे काय झाले, आणि या स्थित्यंतरात आपण काय गमावले, हे नव्या पिढीस ठाऊक असावे म्हणून हा लेखनप्रपंच.

घरची रीत अशी होती. कच्चे कातडे प्रथम पाण्यात भिजवून चुन्याच्या कुंडात घालावयाचे. काही दिवसांनी केस सैल पडले म्हणजे ते खरवडून, उलट बाजूचे मांस तासून, कातडे पुनःपुन्हा धुवावयाचे. नंतर बाभळीची साल, माळावरील तरवडाची साल आणि हिरडा यांच्या काढ्यात ते मुरत ठेवीत. शेवटी कातड्याची पिशवी शिवून ती टांगीत व तीत साल आणि काढा भरीत. काढा पाझरत राही, तसतसा रंग चढे. या साऱ्यास महिना सहज लागे. काढा पुरेसा कडक झाला की नाही हे जिभेवर कळे, चुना किती लागला हे बोटांना कळे. पाणी वाहणे व साल कुटणे हे कष्ट बहुतांशी घरच्या स्त्रियांचे.

केस राखावयाचे असल्यास चुना वर्ज्य. कारण चुना केसांची मुळेच सोडवितो. अशा कातड्यास मीठ व तुरटी लावून, ते सावलीत वाळवून, तेल देऊन हाताने मळून मऊ करावे लागे. पूर्वी आसनासाठी मृगाजिनाला मागणी असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाच्या कातड्याचा व्यवहार बंद झाला, हे योग्यच झाले.

या मालाचे मोठे गिऱ्हाईक शेतकरी. विहिरीवरची मोट, तिची सोंड, पाण्याची पखाल, वहाणा हे सारे कमावलेल्या कातड्याचे. पुढे लोखंडी मोटा, तेलाची इंजिने व विजेचे पंप आले आणि ही मागणी आटली.

दुसरा फटका कारखान्यांचा. १८६० साली सोलापुरास आगगाडी आली आणि कच्च्या मालास दूरच्या पेठांची वाट मोकळी झाली. १८८४ साली अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ यांनी क्रोमक्षारांनी कातडे कमावण्याच्या रीतीचे पेटंट घेतले. विसाव्या शतकाच्या आरंभी आल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रास इलाख्यात तिचे प्रयोग केले. महिन्याचे काम फिरत्या पिंपात थोड्या दिवसांत होऊ लागले. माल एकसारखा व पाण्यास टिकणारा निघे. घरच्या कुंडास ही बरोबरी साधणे शक्य नव्हते. वर्ध्याजवळ नालवाडी येथे गोपाळराव वाळुंजकरांनी १९३५ च्या सुमारास चर्मालय चालवून ग्रामीण रीत सुधारण्याचा प्रामाणिक यत्न केला. परंतु काळाचा ओघ उलटला नाही.

यास्तव जुने कुंड पुन्हा घरात आणावे, असे माझे म्हणणे मुळीच नाही. चुन्याने हाताला पडलेल्या भेगा, दुर्गंधी आणि गावकुसाबाहेरचे जिणे यांचे गोडवे कोणी गाऊ नयेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दाखविलेला शिक्षणाचा मार्गच आपल्या मुलांचा मार्ग होय. कारखाना निर्दोष आहे असेही नव्हे. क्रोमचे सांडपाणी नदीनाल्यांस घातक ठरते. माझे म्हणणे इतकेच की, धंदा कारखान्याकडे गेला, पण धंद्याची हेटाळणी मात्र आपल्या गल्लीतच राहिली. आणि त्या हेटाळणीच्या लाजेने आपण त्यातील विद्याही टाकून दिली.

ती विद्या क्षुद्र नव्हती. २०१९ साली कोल्हापुरी चपलेस भौगोलिक मानांकन मिळाले. त्यातील महाराष्ट्र व कर्नाटकाच्या आठ जिल्ह्यांत सोलापूर आहे. त्या चपलेची ख्याती साल व हिरड्यावर कमावलेल्या कातड्यावरच उभी आहे. २०२५ साली प्राडा या इटालियन कंपनीने तशाच चपला मिलानमध्ये दाखविल्या, तेव्हा चपलेच्या श्रेयाची चर्चा जगभर झाली. कातडे कमावणाऱ्याचे नाव त्या चर्चेत क्वचितच निघाले.

म्हणून प्रत्येक कुटुंबास विनंती आहे. घरातील वृद्ध स्त्री-पुरुषांजवळ बसून सालींची प्रमाणे, कुंडांची रचना, हत्यारांची नावे, मालाच्या प्रती लिहून ठेवा. आजींना अवश्य विचारा; त्यांच्या श्रमाची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. शिकलेल्या मुलांनी हे काम हाती घ्यावे. आपला इतिहास आपणच लिहिला पाहिजे. आणि तो सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.