सद्गुण आणि सुख : एका जुन्या नात्याची कथा

विवेक, न्याय, धैर्य आणि संयम हे चार प्रमुख सद्गुण आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केले. त्यांचा आपल्या सुखाशी काही संबंध असेल, हे मात्र तेव्हा ध्यानी आले नाही.

वस्तुतः हे नाते प्राचीन आहे. या चार गुणांची सांगड प्लेटोने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात घातली. सद्गुणांनुसार आचरण म्हणजेच सुखी जीवन, असे त्याचा शिष्य ॲरिस्टॉटल याने प्रतिपादिले. इसवी सनाच्या चौथ्या शतकात मिलानचे बिशप संत आंब्रोज यांनी लॅटिन भाषेतील ‘बिजागरी’ या शब्दावरून त्यांना नाव दिले. दार बिजागरीवर फिरते, तसे आपले जीवन या गुणांवर फिरते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी श्रद्धा, आशा व प्रीती यांच्यासह त्यांचे सविस्तर विवेचन केले.

विसाव्या शतकातील मानसशास्त्राने मात्र चारित्र्याकडे पाठ फिरविली. चारित्र्य म्हणजे व्यक्तिमत्त्वाचे नैतिक मूल्यमापन, ते मानसशास्त्राचे काम नव्हे, असे गॉर्डन ऑलपोर्ट यांचे मत होते. पुढे २००४ साली क्रिस्टोफर पीटरसन व मार्टिन सेलिगमन यांनी २४ चारित्र्यगुणांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील सहा गटांपैकी चार म्हणजे आपले तेच जुने चार सद्गुण!

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, पाच हजारांहून अधिक प्रौढांच्या पाहणीत आशा, उत्साह, कृतज्ञता, प्रेम व जिज्ञासा यांचा जीवनातील समाधानाशी निकटचा संबंध दिसून आला. २००५ सालच्या एका प्रयोगात काहींनी आठवडाभर रोज रात्री दिवसातील तीन चांगल्या गोष्टी कारणांसह लिहिल्या. सहा महिन्यांनंतरही त्यांचे समाधान वाढलेलेच आढळले. सोळाव्या शतकात संत इग्नेशियस लोयोला यांनी सांगितलेल्या विवेकपरीक्षणाची पहिली पायरी देवाच्या उपकारांचे स्मरण हीच आहे.

त्या पाहणीत नम्रतेचा समाधानाशी संबंध मात्र क्षीण दिसला. मग नम्रता टाकून द्यावी काय? ग्रंथकर्त्यांच्या यादीत तिला स्थान आहेच. लाभ दिसो वा न दिसो, गुण स्वतःच मोलाचा असावा, ही त्यांचीच एक कसोटी आहे. मुलांना सद्गुण शिकविताना केवळ सुखाचे आमिष दाखवावे काय, याचा विचार आपण घराघरांतून करावयास हवा.