उत्प्रवाशांचा संरक्षक

परदेशात नोकरी मिळाली की आपण त्या देशाच्या वकिलातीत व्हिसासाठी अर्ज करतो आणि परवानगीचा दरवाजा तेवढाच आहे असे समजतो. दहावी न झालेल्या भारतीय कामगारासाठी मात्र १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली दुसरा दरवाजा उभा राहिला, आणि तो मायदेशातच होता. आखातातील व इतर ठरावीक देशांत कामाला जायचे, तर व्हिसा हाती आल्यावरही ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ या अधिकाऱ्याची मंजुरी आवश्यक ठरली. पदनामातला ‘संरक्षक’ हा शब्द १९८३ पेक्षा पुष्कळ जुना आहे.

ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी रद्द झाल्यावर, १८३४ पासून मॉरिशसच्या ऊसमळ्यांकडे भारतीय मजुरांची करारबद्ध रवानगी सुरू झाली. १८३७ च्या कायद्याने मजूर व एजंट या दोघांनी अधिकाऱ्यापुढे उभे राहून कराराच्या अटी लेखी दाखवणे सक्तीचे केले. कराराची मुदत ५ वर्षांची असे. पुढे बंदरांवर संरक्षक नेमले गेले. कागद चोख असत. परंतु अंगठा उठवणाऱ्याला त्यातले किती कळले, हे कागद सांगत नसे. नामदार गोखले यांनी नेमके याच मर्मावर बोट ठेवले. एक पक्ष अजाण आणि निराधार, दुसरा बलाढ्य. अशा व्यवहाराला करार कसे म्हणावे? नाताळला जाणारी मजूरभरती थांबवण्याचा त्यांचा ठराव १९१० मध्ये केंद्रीय कायदेमंडळात संमत झाला. ही पद्धतच समूळ बंद करण्याचा १९१२ चा ठराव मात्र फेटाळला गेला. अखेर १९१७ मध्ये भरती थांबली. १९२२ च्या कायद्याने अकुशल कामगारांचे उत्प्रवासन सरकारने अधिसूचित केलेल्या देशांपुरते व अटींपुरते मर्यादित केले.

१९७३ नंतर तेलाचे भाव भडकले आणि आखाताकडे कामगारांची रीघ लागली. मळ्यांच्या काळातील कायदा अपुरा पडला. १९८३ च्या कायद्याने भरती एजंटांना नोंदणी सक्तीची केली व कराराची छाननी संरक्षकाकडे सोपवली. तरीही पळवाट निघालीच: पर्यटन व्हिसावर जायचे आणि तेथे पोचल्यावर काम धरायचे. मंजुरी टळे, पण तिच्यासोबतचे संरक्षणही टळे.

जानेवारी २०१८ मध्ये अशा कामगारांना नारिंगी पारपत्र देण्याचा निर्णय जाहीर झाला. तो भेदभाव करणारा आहे अशी टीका होताच त्याच महिन्यात मागेही घेतला गेला. संरक्षणासाठी केलेली खूण कमीपणाचा शिक्का कधी ठरते, हे ठरवणे प्रशासनाला सोपे नसते.

संरक्षकाच्या मेजावर येतो तो कागद. परदेशी जातो तो माणूस. सहीपूर्वी त्या माणसाला त्याच्या भाषेत पगार, कामाचे तास आणि परतीची सोय समजावून सांगणारा कोणी भेटला, तरच ‘संरक्षक’ हे पदनाम सार्थ होते.